नागपूरहून नॅशव्हिलला : अहिंसेचा एक प्रवास

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



व्याख्यानमालेसाठी विषय विचारण्यात आला तेव्हा ‘अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेते’ असे मी लिहून दिले. त्यावर आपल्या सचिवांनी मला फोन करून सौजन्याने विचारले, “काका, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?” त्यांच्या शंकेत वावगे काही नव्हते. या व्यासपीठावरून आजवर तीर्थक्षेत्रे, आचार्यांची चरित्रे, आहारविज्ञान आणि व्यापारातील नीती यांवर व्याख्याने झाली. त्यांत हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. तो परका नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मी कापडाचा व्यापारी. कॉमर्सचा पदवीधर आहे, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाचनाची आवड मात्र आहे आणि दुपारी गिऱ्हाईक कमी असते तेव्हा गल्ल्यावर बसून वाचण्याची जुनी खोड आहे. माझ्यासारख्या मराठी वाचकाला एक कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस घरच्यासारखा ठाऊक असतो. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि त्याने मराठी घरांत जे स्थान मिळवले ते फार थोड्या चरित्रांना मिळाले आहे. गुलामाच्या पोटी जन्मलेला, भुईमुगाचे शेकडो उपयोग शोधणारा, चित्रेही काढणारा तो शास्त्रज्ञ आपल्या मुलांना शिवाजी महाराजांच्या गोष्टींबरोबर सांगितला जातो. शेंगाच्या चटणीवर वाढलेल्या सोलापूरकरांना तर त्याच्याविषयी जरा अधिकच आपुलकी असावयास हवी. त्याही आधी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता, ज्यांनी नीग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्यात औदार्य व स्वार्थत्याग दाखवला. म्हणजे हा धागा जुना आहे.

परंतु कार्व्हर कधी महाराष्ट्रात आले नव्हते. ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे ते गृहस्थ आपल्या महाराष्ट्रात सुमारे तीन वर्षे राहून गेले, इथल्या मुलांना खेळ शिकवून गेले, आणि परत जाऊन त्यांनी आपल्या देशाचा इतिहास बदलण्यास हातभार लावला. त्यांचे नाव रेव्हरंड जेम्स लॉसन. आपल्यापैकी किती जणांनी ते ऐकले आहे? मीही साठी गाठेपर्यंत ऐकले नव्हते.

लॉसन यांचा जन्म २२ सप्टेंबर १९२८ रोजी झाला. २२ सप्टेंबर ही कर्मवीर भाऊराव पाटील यांचीही जन्मतिथी. त्या योगायोगाकडे मी पुढे येईन. वडील धर्मोपदेशक होते. लहानपणी रस्त्यात एका गोऱ्या मुलाने वर्णावरून शिवी दिली, तेव्हा लॉसन यांनी त्याच्या थोबाडीत दिली आणि घरी येऊन आईला तसे सांगितले. आईने पाठ न वळवता, हातातले काम न थांबवता एवढेच विचारले की, त्याने काय साधले? याहून चांगला मार्ग असला पाहिजे, असे ती म्हणाली. तो प्रश्न आपल्याला जन्मभर पुरला, असे ते सांगत असत.

कोरियातील युद्धाच्या काळात त्यांनी सैन्यात जाण्यास नकार दिला आणि त्यापायी सुमारे तेरा महिने तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १९५३ साली मेथडिस्ट चर्चच्या वतीने ते भारतात आले आणि नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात रुजू झाले. विद्यार्थ्यांना ते मैदानी खेळ शिकवीत. गांधीजी जाऊन पाच वर्षे झाली होती. ज्या भूमीत सत्याग्रह घडला तिथे राहून तो समजून घ्यावा, ही त्यांची इच्छा होती. नागपूरहून वर्धा आणि सेवाग्राम किती जवळ आहे, हे मी सांगावयास नको.

इथे आपल्या समाजाच्या अभिमानाची एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होत नाही. गांधीजींच्या मनावर ज्या मोजक्या व्यक्तींचा खोल ठसा उमटला, त्यांत श्रीमद् राजचंद्र हे एक होते, आणि ते जवाहिऱ्यांचा व्यापार करीत. १८९१ साली मुंबईत दोघांची भेट झाली. दुकानात बसून रत्नांची पारख करणारा आणि व्यवहार आटोपताच आत्मचिंतनाची वही उघडणारा हा तरुण गांधीजींनी आपल्या आत्मकथेत आदराने रेखाटला आहे. जैन व्यापाऱ्याच्या पेढीवरून निघालेला अहिंसेचा विचार गांधीजींच्या हातून राजकारणात आला. १९३६ च्या फेब्रुवारीत बारडोली येथे हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक गांधीजींना भेटले. अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित तुमच्या लोकांकडूनच जगाला मिळेल, अशा आशयाचे उद्गार त्या भेटीत गांधीजींनी काढले.

तो संदेश प्रत्यक्षात येण्यास वीस वर्षे लागली. १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरी या शहरात रोझा पार्क्स नावाच्या बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशाला देण्याचे नाकारले. त्या बाई काय काम करीत होत्या? एका मोठ्या दुकानात कपड्यांचे शिवणकाम. म्हणजे आपल्याच व्यवसायातल्या. त्यांना अटक झाली आणि त्या शहरातील कृष्णवर्णीय जनतेने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. लोक मैलोन्‌मैल पायी चालत कामावर गेले. त्यांचे पुढारी होते सव्वीस वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग. ही बातमी लॉसन यांनी कुठे वाचली असेल? नागपुरात, ‘नागपूर टाइम्स’मध्ये. आपण ज्याचा शोध घेत इथे आलो ते आपल्या घरी सुरू झाले आहे, हे त्यांना त्या दिवशी उमगले.

१९५६ साली ते परतले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तो सोहळा पाहण्यास लॉसन इथे नव्हते. पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत त्यांची किंग यांच्याशी गाठ पडली. दोघे एकाच वयाचे. शिक्षण संपवून दक्षिणेकडे येईन, असे लॉसन म्हणाले. थांबू नका, आत्ताच या, असा किंग यांचा आग्रह पडला. १९५८ साली ते नॅशव्हिल या शहरात आले.

आता जे सांगतो त्यासाठी मी हा विषय निवडला.

नॅशव्हिलच्या बाजारपेठेत मोठमोठी दुकाने होती. तेथे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला कापड, वही, साबण, टूथपेस्ट, जे हवे ते विकत मिळे. परंतु त्याच दुकानात जो उपाहाराचा काउंटर असे, तेथे त्याला बसता येत नसे. पैसे घेतले जात, पण पाणी दिले जात नसे. हा भेद मोडण्यासाठी लॉसन यांनी महाविद्यालयीन मुलामुलींची शाळा घेतली. चर्चच्या एका खोलीत संध्याकाळी खुर्च्या मांडून दुकानाचा देखावा उभा करीत. काही विद्यार्थी गिऱ्हाईक होत, तर काही दांडगाई करणारे गोरे होत. ते शिव्या देत, केस ओढत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ढकलत. गिऱ्हाईक झालेल्याने हात उगारावयाचा नाही, उलट बोलावयाचे नाही, डोळ्याला डोळा भिडवून बसावयाचे, आणि शेजारच्याला फार मार बसू लागला तर आपले अंग मध्ये घालावयाचे. हे सगळे पुन्हा पुन्हा घोटून घेतले जाई.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बावीस परीषह सांगितले आहेत. आपण ते पाठशाळेत पाठ केले. क्षुधा, तृषा, शीत, उष्ण अशी ती यादी सुरू होते आणि पुढे आक्रोश व वध हे दोन परीषह येतात. आक्रोश म्हणजे दुसऱ्याने केलेली निर्भर्त्सना आणि वध म्हणजे मारहाण. ती समभावाने सहन करणे हे मुनींचे व्रत. आपण श्रावक मंडळी हे मुनींचे म्हणून बाजूला ठेवतो. नॅशव्हिलच्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींनी त्याची तालीम केली. त्यांनी आपला ग्रंथ वाचलेला नव्हता, हे उघड आहे. मुनींचे परीषहजय कर्मनिर्जरेसाठी असतात आणि या मुलांचे साध्य वेगळे होते, हा भेद मला मान्य आहे. कोणा विद्वानाने मला दुरुस्त करण्यापूर्वीच ते सांगून टाकतो. तरीही आक्रोश परीषह सहन करणारा माणूस मला डोळ्यांपुढे आणावयाचा झाला, तर आता काउंटरवर बसलेली ती मुलेच दिसतात.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थ्यांनी असे धरणे धरले आणि १३ फेब्रुवारीला नॅशव्हिलचे शंभराहून अधिक विद्यार्थी रांगेने दुकानांत गेले. मुलांनी कोट आणि टाय घातले होते, मुली उत्तम पोशाखात होत्या. कापडवाल्याच्या नजरेला हे प्रथम दिसते. मार खावयास जाताना माणूस जुने कपडे घालील. यांनी ठेवणीतले घातले. त्यांनी आधी किरकोळ खरेदी केली आणि मग काउंटरवर जाऊन बसले. २७ फेब्रुवारीला गुंडांनी त्यांना खाली खेचून मारले. पोलिसांनी पकडले ते मार खाणाऱ्यांना. सुमारे ऐंशी जणांना अटक झाली. एक तुकडी पकडून नेली की दुसरी तुकडी येऊन त्याच खुर्च्यांवर बसे. लॉसन ज्या विद्यापीठात शिकत होते, त्याने त्यांना काढून टाकले. पुढे २००६ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने अध्यापनासाठी बोलावले.

त्या दिवसांतील एक प्रसंग आहे. काळे चामडी जाकीट घातलेला एक गोरा तरुण लॉसन यांच्या अंगावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच हातरुमाल मागितला. तो इतका गोंधळला की त्याने काढून दिला. लॉसन यांनी तोंड पुसले, रुमाल परत केला आणि विचारले, तुझ्याकडे मोटारसायकल आहे का? मग दोघे मोटारसायकलीविषयी बोलत उभे राहिले.

शेवटी दुकानदार नमले ते कशाने? ईस्टरच्या तोंडावर कृष्णवर्णीय कुटुंबांनी त्या बाजारपेठेतील खरेदी बंद केली. ईस्टर म्हणजे तेथील कापडाचा दिवाळीचा हंगाम. घरातील प्रत्येकाला नवा कपडा हवाच. त्या वर्षी कोणी घेतला नाही. भांडणाच्या भीतीने गोरे गिऱ्हाईकही फिरकेनासे झाले. हंगामात रिकामी दुकाने पाहणाऱ्या त्या व्यापाऱ्यांची रोजमेळ लिहिताना काय अवस्था झाली असेल, हे या सभागृहातील निम्म्या लोकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. हजारो लोक एक शब्द न उच्चारता महापौरांच्या कार्यालयापर्यंत चालत गेले. तेथे डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौरांना सर्वांसमक्ष विचारले की, केवळ वर्णावरून माणसात भेद करणे तुम्हाला योग्य वाटते काय? महापौर प्रामाणिक होते. त्यांनी योग्य वाटत नाही, असे कबूल केले. १० मे १९६० रोजी शहरातील सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले.

बंधुभगिनींनो, हे वाचीत असताना मला नॅशव्हिल दिसेनासे झाले आणि आमचे स्वतःचे दुकान दिसू लागले.

चाटी गल्लीतील त्या वेळची दुकाने ज्येष्ठांना आठवत असतील. काउंटर नव्हते. पांढरी चादर घातलेली गादी, भिंतीला लोड-तक्के, मागे फडताळात तागे. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसे. त्याला तांब्याभर पाणी येई, बस्त्याचे गिऱ्हाईक असेल तर चहा येई. मात्र सगळीच गिऱ्हाइके गादीवर बसत नसत. काही पायरीवर उभी राहत. तशी पाटी नव्हती. मुनीम माणूस पाहून ठरवी आणि आलेला माणूसही स्वतःहून पायरीवर थांबे.

१९७३ चा उन्हाळा. दुष्काळाने जिल्हा होरपळत होता. मी बारा वर्षांचा, शाळेला सुट्टी म्हणून दुकानात तागे उलगडून धरण्याचे काम करीत होतो. दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीच्या लग्नासाठी हिरवे लुगडे हवे होते. मुनिमाने तीन लुगडी गादीच्या कडेपर्यंत सरकवली. दोघी उन्हात पायरीवर उभ्या होत्या. मुलीने काठ पाहण्यासाठी हात पुढे केला, तसा मुनीम म्हणाला, “हात लावू नका, मळेल.” तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला. तो हात मी पाहिला; खडीने बोटे फुटलेली होती. आईने दुरूनच एक लुगडे पसंत केले आणि घामाने ओल्या झालेल्या नोटा पायरीच्या कडेवर ठेवल्या. मुनिमाने त्या उचलून गल्ल्यात टाकल्या. गल्ल्यात त्या नोटांसाठी वेगळा कप्पा नव्हता. त्यांनी पाणी मागितले नाही आणि आम्ही विचारले नाही. वडील गादीवर होते. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री रोजमेळात ‘लुगडे एक, रोख’ अशी नोंद झाली.

माझे वडील कंदमूळ खात नसत. सूर्यास्तापूर्वी जेवत, पाणी गाळल्याशिवाय पीत नसत, आणि मुंगी चिरडू नये म्हणून दुकान झाडताना स्वतः पुढे उभे राहत. ते दुष्ट नव्हते. मुनीमही नव्हता, तो पगारी माणूस, गादी आमची होती. मला आज प्रश्न पडतो तो असा की, मुंगी दिसणाऱ्या त्या डोळ्यांना तो हात का दिसला नाही? आणि मला दिसला, तर मी उठून पाण्याचा तांब्या का नेला नाही? बारा वर्षांच्या मुलाला तेवढे कळते.

१९८१ साली आम्ही दुकान नव्याने बांधले, गादी काढून काचेचे काउंटर केले. तेव्हापासून सगळेच उभे राहू लागले. भेद गेला तो असा, सुताराच्या हातून. आम्ही काढला, असे मी म्हणू शकत नाही.

आपल्या समाजात हे दिसणारे कोणी नव्हते असे नाही. भाऊराव पाटील कुंभोजच्या जैन घराण्यातले. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर स्नान करून मग आत यावे, असे सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्याला आपण स्नान केले नाही म्हणून बाहेर काढले, त्याने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवणारे वसतिगृह काढले. अन्न कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आज आपण कर्मवीरांना ‘आपले’ म्हणतो. तेव्हा म्हटले नव्हते.

लॉसन यांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९६८ साली मेम्फिस शहरात कचरा उचलणाऱ्या कामगारांचा संप झाला. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते. संपकरी गळ्यात फलक अडकवून फिरत आणि त्यावर एवढेच लिहिलेले असे : मी माणूस आहे. लॉसन त्या लढ्याचे एक सूत्रधार होते; त्यांनीच किंग यांना तेथे बोलावले आणि तेथेच ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली. त्या खुनाबद्दल जेम्स अर्ल रे याला नव्याण्णव वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. रे हाच खरा अपराधी, याविषयी लॉसन यांना शंका होती; पण ज्याला सगळा देश आपल्या मित्राचा मारेकरी म्हणून ओळखत होता, त्याला ते तुरुंगात जाऊन भेटत राहिले आणि १९७८ साली तुरुंगातच त्याचा विवाह त्यांनी लावून दिला. दरवर्षी क्षमावाणीला आपण एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो, अलीकडे मोबाईलवर एकाच वेळी दोनशे जणांना पाठवतो. तो संदेश पाठवताना यंदा मला हा विवाह आठवला. ९ जून २०२४ रोजी, पंच्याण्णव वर्षांचे होऊन, लॉसन निवर्तले. आपल्याकडील वृत्तपत्रांत ती बातमी माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

आता संस्थेविषयी एक विनंती करून रजा घेतो. आपल्या वसतिगृहाच्या प्रवेशअर्जावर पन्नास वर्षे एक ओळ छापलेली आहे : ‘फक्त जैन विद्यार्थ्यांसाठी’. ती घालणाऱ्यांचा हेतू चांगला होता. खेड्यांतून येणाऱ्या आपल्या मुलांना शुद्ध आहार व संस्कार मिळावेत, यासाठी त्यांनी पदरचे पैसे घातले. गेली काही वर्षे आपल्या आठ-दहा खोल्या रिकाम्या राहतात, हे वार्षिक अहवालातच नमूद आहे; आपली मुले पुण्याला जातात. यंत्रमाग कामगारांची, ऊसतोड मजुरांची मुले मात्र याच शहरात भाड्याची खोली शोधत फिरतात. आहाराचे नियम आहेत तसे राहू द्यावेत. ते पाळण्यास कोणाची हरकत असेल असे मला वाटत नाही. ती एक ओळ काढावी. दोन खोल्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. त्या दोन खोल्यांतील विद्यार्थ्यांचा पहिल्या पाच वर्षांचा भोजनखर्च आमची पेढी देईल. भोजनगृहात त्यांची पंगत वेगळी बसू नये, एवढी एकच अट आहे.

हा प्रस्ताव मी लेखी स्वरूपात सचिवांच्या हाती दिला आहे. विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेत तो यावा.

जय जिनेंद्र.